सायकलची कॅसेट

दुकानात शिरला की तो आधी नमस्कार-चमत्कार काही करायचा नाही. मनगटावरचं घड्याळ काढायचा, उजव्या कानाला लावायचा, मग डाव्या कानाला. डोळे बारीक करून थोडा वेळ तसाच उभा राहायचा आणि मग सुटका झाल्यासारखा म्हणायचा, "ऱ्हाईलंय, ताई. अजून ऱ्हाईलंय."

पहिल्यांदा पाहणाऱ्याला वाटायचं, पोराचं घड्याळ बंद पडलंय. बाकावर बसलेलं एखादं गिऱ्हाईक आपणहून वेळ सांगायचं. त्यावर हा मोठ्या गंभीरपणे सांगायचा, "घड्याळ चालू हाय काका. मी माजे कान बघतोय." गिऱ्हाईक माझ्याकडे बघायचं, मी छताकडे बघायची.

त्याचं नाव मी सांगणार नाही. तो कुठेतरी असेल, आणि आपल्याबद्दल कोणी लिहिलेलं त्याला आवडायचं नाही. पण तुम्ही नव्वदीच्या मधल्या वर्षांत नगरात राहत असाल, तर तुम्ही त्याला पाहिलेलं असणार. एप्रिलच्या उन्हात जाड चौकड्यांचा शर्ट घालून सायकलवर एमआयडीसीकडे जाणारा, मानेपर्यंत केस वाढवलेला पोरगा. लोक वळून बघायचे. तोच तो.

कापडबाजाराच्या मागच्या गल्लीत अब्बांचं रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान होतं. मी आयटीआय केलेली, नवरा सोडून माहेरी आलेली, आणि सोल्डरिंगला माझा हात अब्बांपेक्षा स्थिर. बाईमाणूस दुकानात बसते म्हणून गल्लीत काय काय बोललं गेलं ते सांगत बसत नाही. बोलणाऱ्यांचेही टेप शेवटी माझ्याकडेच आले. घरात, गल्लीत मला सगळे आपा म्हणत. हा पहिल्या दिवसापासून ताई म्हणाला. मला तो पाठच्या भावासारखा वाटायचा, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्हाला नवल वाटायला नको.

तो आपल्या नगर जिल्ह्यातल्याच अकोल्याकडचा. डोंगरातलं गाव, भाताची खाचरं. बारावीनंतर नगरला आला, एका कारखान्यात प्रेस शॉपला लागला. प्रेस शॉप म्हणजे जिथे मोठमोठी यंत्रं पत्र्यावर धाडधाड आपटतात आणि त्याचे भाग कापून काढतात. जेवायला एका खाणावळीत जायचा. तिथे नुकतंच केबल आलं होतं. पहिल्या पाळीहून सुटून दुपारी वरणभात कालवत बसला असताना टीव्हीवर कुठलीशी विलायती पोरं गिटारी घेऊन ओरडताना त्याला दिसली. केस न विंचरलेले, कपडे मळके, आणि गाणाऱ्याचे डोळे भेदरलेले. बाकीच्यांनी "बदल रे ते" म्हणून गिल्ला केला. याचा घास हातात राहिला.

"हे लोक एवढे चिडलेत कशाला?" असं मी एकदा विचारलं होतं.

"चिडल्याले न्हाईत, ताई," तो म्हणाला. "घाबरल्यात. नीट ऐका की. मी पयल्यांदा नगरला आलो तवा मला आसंच ओरडावंसं वाटत हुतं. पर आपल्यात ओरडायची रीत न्हाई."

मला त्यातलं काही ऐकू यायचं नाही. मला भांड्यांचं कपाट जिन्यावरून खाली ढकलल्यासारखं वाटायचं. अब्बांनी एक गाणं पूर्ण ऐकून घेतलं आणि काळजीनं विचारलं, "गळ्याला काय झालंय या मुलाच्या? त्याला कोणी मधातून हळद देत नाही का?"

कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाच्या मुलाशी त्यानं दोस्ती केली होती. त्याच्याकडून कॅसेटींच्या कॉपी, कॉपींच्या कॉपी आणायचा. पण एक कॅसेट अस्सल होती, पुण्याला जाऊन आणलेली. कव्हरवर रस्त्यात आडव्या पडलेल्या सायकलचा फोटो. बँडचं नाव मला कधी धड म्हणता आलं नाही, म्हणून दुकानात तिला सायकलची कॅसेट म्हणत. खोलीत त्यानं एक डेक बसवला होता आणि स्पीकर माठात. हो, पाण्याच्या माठात. तेव्हाची सगळी पोरं ते करायची, माठातून ढोलासारखा दणका येतो म्हणून. घरमालकीण भांडायला आली ती माठावरून. चांगला माठ वाया घालवला म्हणून.

पोशाखाची तर गंमतच. टीव्हीवरच्या पोरांसारखी गुडघ्यावर फाटलेली पँट हवी म्हणून त्यानं नवी कोरी जीन्स ब्लेडनं फाडली आणि दिवाळीला गावी गेला. परत आला तेव्हा दोन्ही गुडघ्यांवर ठिगळं. नुसती ठिगळं नाहीत, गोधडीच्या टाक्यांनी बसवलेली, एकावर मोर काढलेला. आई रात्रभर डोळ्यात पाणी आणून शिवत बसली होती, की पोराला कारखान्यात असं काय काम करावं लागतं. तो ती पँट तशीच घालायचा. मी हसले की म्हणायचा, "हसू नका. आसली पँट त्यांच्याकडं बी न्हाई."

पण मी कानांचं सांगत होते.

प्रेस शॉपमधली जुनी माणसं एकमेकांशी कशी बोलतात, हे तुम्ही कधी पाहिलंय? चहाच्या टपरीवरही ओरडून बोलतात. त्यातला एक म्हातारा ऑपरेटर याच्याच यंत्रावर आधी होता. तो बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघत राहायचा. यानं ते पाहिलं आणि आपलेही कान असेच जाणार, हे त्याच्या मनानं घेतलं. तेव्हापासून ते घड्याळ. कोणी सांगितलं म्हणून लसणाचं कोमट तेल. कापसाचे बोळे घालून कामावर गेला, तर फोरमननं ते स्वतःच्या हातानं काढून फेकून दिले. प्रेसवर काम करायचं ते कानानंच, असा तिथला कायदा. साचा फुटायच्या आधी ठोक्याचा आवाज जरासा बदलतो, तो ऑपरेटरला कळला पाहिजे, नाहीतर साचाही जातो आणि बोटंही. आता सांगा, कान झाकावे तर बोटं जाणार, उघडे ठेवावे तर कान जाणार. करायचं काय माणसानं?

एके सकाळी तो डेक छातीशी धरून आला. चेहरा पांढराफटक. घड्याळबिड्याळ काही नाही.

"वरचं गेलं, ताई."

वरचं म्हणजे गाण्यातला बारीक, चमकदार आवाज. ढोल खाली असतो, झांज वर असते, असं त्याला मीच कधी समजावलं होतं. सायकलची कॅसेट लावली तर झांज घोंगडीखालून आल्यासारखी वाटते, म्हणाला. रात्रभर ऐकून पाहिलं. गेलं म्हणजे गेलंच.

मी डेकचं झाकण उघडलं. आत हेड तपकिरी झालेलं. ज्याच्यावरून टेपची फीत घासत जाते ते हेड. कॉपींच्या कॉपी लावून त्यावर हा थर बसला होता. स्पिरिटात बुडवलेल्या काडीच्या कापसानं पुसून काढलं. हेडच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो केसभर फिरवला की हेड फितीला सरळ लागतं आणि वरचा आवाज उघडतो. फिरवला. दुकानभर झांज खणखणली.

पोरगा काउंटरवर डोकं ठेवून हुंदके देऊन रडायला लागला. गिऱ्हाईकं बघताहेत. मला काही सुचेना, म्हणून मी खेकसले, "रडतोस काय असा? हेड साफ केलंय, मूल नाही झालं तुला!"

"अरे बेटा," अब्बा म्हणाले, "एवढा जीव काय टांगून ठेवतोस? मशीन होतं, मशीनचं दुखणं होतं." आणि त्याच्यासाठी चहा सांगितला.

त्या दिवशी माझाही जीव भांड्यात पडला, कबूल करते. पण त्यातून एक वाईट गोष्ट झाली. वरचं गेलं की हेड खराब, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं. दर महिन्याला यायचा, मग दर आठवड्याला. स्वतःचा छोटा स्क्रू-ड्रायव्हर घेतला, पेनासारखा खिशाला लावून हिंडायचा. कधी हेड खरंच मळलेलं असे, कधी नसे. कॉपीतच आवाज नसेल, कधी फीत जुनी. मी पुसून द्यायची, तो खूश होऊन जायचा. कारखान्यात पुढच्या वर्षी परमनंट होणार होता, गावातला पहिला परमनंट मुलगा. बापानं आतापासून सगळ्या आळीला सांगून ठेवलं होतं.

मग एकदा माझ्या लक्षात आलं की त्याच्या मनगटावर आकडेवालं घड्याळ आहे. टिकटिक न करणारं.

"जुनं कुठे गेलं रे?"

"बिघाडलं."

"मग आण की इकडे."

"ऱ्हाऊ द्या, ताई. जुनंच हुतं." आणि तो बोलण्याची गाडी दुसरीकडे वळवून कॅम्पातल्या मित्राबद्दल बोलत राहिला, कधी नव्हे इतका.

मला त्या रात्री जेवण गेलं नाही. कांद्याची फोडणी चरचरली तरी मी थबकून ऐकायची, मला येतंय ना ऐकू, बघायची. त्याची भीती अशी मला लागली होती.

पुढच्या खेपेला त्यानं डेक आणला तेव्हा मी सायकलचीच कॅसेट लावायला सांगितली. हेड आरशासारखं स्वच्छ होतं. स्क्रू हळूहळू फिरवला. झांज उघडली, पूर्ण उघडली, याच्यापुढे काही नाही अशी.

"आता?"

"अजून, ताई."

थोडा पुढे फिरवला. आवाज बसायला लागला.

"आता?"

"अजून जरा."

मी फिरवत गेले. झांज पार बुडाली. तो मान वाकडी करून, डोळे मिटून, मन लावून ऐकत होता. मी अब्बांकडे पाहिलं. अब्बांनी चष्मा काढला आणि हातातला रेडिओ खाली ठेवला. मी स्क्रू पुन्हा मागे आणला, बरोबर जागेवर. दुकान खणखणलं. त्याच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

"आता कसं?" मी विचारलं.

"तसंच हाय की. हेड बदलावं लागतंय वाटतं."

काय सांगू तुम्हाला. मी स्क्रू-ड्रायव्हर काउंटरवर ठेवून दिला. गोड बोलून वेळ मारून नेणं मला जमत नाही, आणि त्या दिवशी ते करणं पाप झालं असतं.

"हेड चांगलं आहे," मी म्हटलं.

"मंग फीत गेली आसंल."

"फीत चांगली आहे. मला ऐकू येतंय. अब्बांनाही येतंय."

तो अब्बांकडे वळला. अब्बांचं वय तेव्हा साठीच्या पुढे. त्यांनी मान हलवली आणि नजर खाली घातली.

"तुमाला काय कळतंय ह्या गाण्यातलं!" तो ओरडला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ओरडला. डेक उचलला, वायर जमिनीवर फरफटत निघून गेला. कॅसेटचं रिकामं कव्हर काउंटरवर राहिलं.

मी काय गप्प बसणार? दुसऱ्या दिवशी खाणावळीत जाऊन त्याला ताटावरून उठवला आणि कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. सगळी खाणावळ बघत होती, बुरखेवाली बाई लांब केसाच्या पोराला दंडाला धरून नेतेय. बघू देत. डॉक्टर म्हातारे, कमी बोलणारे. तपासून म्हणाले, "वरचे आवाज गेलेत. ते येत नाहीत परत. खालचे शाबूत आहेत. ते ठेवायचे असतील तर त्या मशीनवरून आजच ऊठ."

परमनंटचा हुकूम पुढच्या महिन्यात निघायचा होता. त्यानं फोरमनकडे पॅकिंगला बदली मागितली. उत्तर आलं, पॅकिंगला कंत्राटी माणसं असतात. परमनंट व्हायचं तर प्रेसवर. मग तो पुन्हा प्रेसवर जायला लागला. रोज. मी पाळी सुटायच्या वेळी दाराशी येऊन उभी राहायची, त्याची सायकल गल्लीत दिसेपर्यंत हातातलं काम पुढे सरकायचं नाही. आला की मी तोंड सोडायची. त्याला बधिर, बेअक्कल, काय वाटेल ते म्हटलं.

तो एकदाच बोलला. "बापाला काय सांगू, ताई? गाणं ऐकू येत न्हाई म्हनून नोकरी सोडली, आसं सांगू?"

त्या रात्री मी हे अब्बांना जसंच्या तसं सांगितलं.

अब्बा त्या रविवारी पांढरा कुर्ता घालून तयार. "मी जातो त्याच्या वडलांकडे. म्हाताऱ्याचं म्हातारा ऐकतो." एसटीनं अकोले, तिथून जीप, तिथून पायी. अब्बा, ज्यांना दमा, ज्यांनी आयुष्यात डोंगर चढला नव्हता. परत आले ते दुसऱ्या दिवशी, पिशवीत तांदूळ घेऊन. मी विचारत राहिले, काय झालं, काय म्हणाले. अब्बा आधी पाणी प्यायले.

"सगळं सांगितलं मी. मशीनचं, डॉक्टरचं, परमनंटचं. माणूस बांधावर बसून ऐकत होता. शेवटी एकच विचारलं त्यानं. म्हणाला, त्याला माझा आवाज येतो का? मी म्हटलं, येतो. अजून येतो. तर म्हणाला, मंग आत्ताच घरला लावून द्या त्याला, येत हाय तवर."

हे सांगताना अब्बा रडले. मीही.

त्यानं काम सोडलं. फोरमननं वेड्यात काढलं, खोलीवरच्या पोरांनी कपाळाला हात लावला. हिशेब, सही-शिक्के होईस्तोवर काही दिवस तो नगरातच होता आणि रोज दुकानात यायचा. डेक काउंटरवर ठेवायचा, कमी आवाजात सायकलची कॅसेट लावायचा आणि माझ्याकडे बघायचा. "आत्ता वाजली का?" झांज वाजली की मी हो म्हणायची. पण हो म्हणेपर्यंत गाणं पुढे गेलेलं असायचं. म्हणून मी बोट आपटायला लागले, काउंटरच्या काचेवर. झांज वाजली की बोट. तो माझ्या बोटाकडे डोळे लावून बसायचा आणि खालचे आवाज कानानं घ्यायचा, वरचे डोळ्यांनी.

आधी माझी फजिती व्हायची. "तुमी मागं पडताय, ताई," म्हणायचा, अगदी मास्तरासारखा. मला राग यायचा. मग मी घरी भाकऱ्या थापताना ती गाणी म्हणून पाहायची, झांज कुठे येते, कुठे दोनदा येते, कुठे नुसती घासून जाते. ज्या गाण्यांना मी इतके दिवस भांड्यांचं कपाट म्हटलं, ती मला पाठ झाली. आणि खरं सांगू, त्यातली भीती मला ऐकू यायला लागली.

तो गेला त्या सकाळी अब्बांनी शटर अर्धं खाली ओढलं, गिऱ्हाईक नको म्हणून. कॅसेटची एक पूर्ण बाजू आम्ही ऐकली. तो स्टुलावर, मी काउंटरमागे, मध्ये माझं बोट. बाजू संपली, बटण खाडकन वर आलं. तो हसला.

"लई झ्याक. पर एकदा चुकलात तुमी."

"कुठे?"

"तिसऱ्या गान्यात. त्यो गप हुतो ना, शेवटाला, त्याच्या मागनं एक हाय. हळूच. तुमी बोट न्हाई मारलं."

"तुला रे काय माहीत? तुला कुठे येतंय ऐकू?" मी म्हणाले, आणि जीभ चावली.

"मला म्हाईत हाय," तो म्हणाला.

पिशवी खांद्याला लावली. अब्बांच्या पाया पडला, अब्बा नको नको म्हणत असताना. डेक आणि कॅसेट नेली नाही. गावाकडे लाइट टिकत नाही, तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या, म्हणाला. मी त्याला दटावलं, महिन्यातून एकदा यायचं, नाहीतर मी तिथे येऊन कान उपटेन. व्हय व्हय, म्हणाला. आला नाही. पुढे एकदा तांदूळ आले, कुणा जीपवाल्याच्या हाती. मग तेही नाहीत. नंतर अब्बा गेले, दुकान गेलं.

पण मी त्या सकाळचं सांगते. तो गल्लीच्या टोकाला वळल्यावर मी आत आले आणि कॅसेट मागे घेतली. तिसरं गाणं लावलं. गाणारा गप्प झाला. आणि त्याच्या मागून, मी इतक्या वेळा ऐकूनही कधी न ऐकलेली, एक झांज आली. कोणी जाता जाता नख लावावं इतकी बारीक.

मी फीत पुन्हा मागे नेली. पुन्हा लावली. या वेळी बरोबर जागेवर बोट आपटलं.

"आली का गं?" अब्बांनी विचारलं.

"आली," म्हटलं. समोर स्टूल रिकामं होतं.